निद्रा : आरोग्याचा दुर्लक्षित आधार

मार्च २०२० मध्ये लोकलगाड्या थांबल्या आणि गाडीच्या वेळेवर दिनक्रम बांधलेल्या मीरा-भाईंदरची घडीच विस्कटली. शरीराचे घड्याळ उठण्याची ठराविक वेळ, सकाळचा सूर्यप्रकाश आणि दिवसभराचे श्रम यांवर चालते. टाळेबंदीत लहान सदनिकांतून ही तिन्ही हरपली. त्यात कोरोनाचा आजार आला. विषाणूशी झुंजताना शरीरात उसळणाऱ्या दाहाचा परिणाम मेंदूवरही होतो. त्यामुळे ताप-खोकला ओसरला तरी निद्रानाश, थकवा, विस्मरण आणि उदासी काही रुग्णांना महिनोन्महिने सोडत नाहीत. महामारीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता व नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले.

अशा रुग्णास ‘मन खंबीर ठेव’ एवढा उपदेश पुरत नाही. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. तो व्याधीचाच शेष होय. चरकसंहितेने आहाराच्या जोडीने निद्रेलाही शरीराचा उपस्तंभ मानले आहे. तो स्तंभ पुन्हा उभारण्यासाठी रोज एकाच वेळी उठावे, सकाळी उन्हात चालावे, रात्री भ्रमणध्वनी दूर ठेवावा. झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. तक्रार काही आठवडे टिकली तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही शासकीय सेवाही उपलब्ध आहे.

टाळेबंदीत कार्यकर्त्यांनी घरोघरी शिधा पोहोचविला. त्याच घरांत आता आपुलकीने विचारावे, ‘झोप लागते ना?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. हेही सेवाकार्यच आहे.