पुढाकार आणि पूर्वतयारी



‘पुढाकार घेणं’ आणि ‘प्रोअॅक्टिव्ह असणं’ हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थानं वापरतो. मला त्यांत फरक दिसतो. मतदार यादीचं उदाहरण घेऊन सांगतो.

मतदानाच्या दिवशी कुणाच्या तरी अम्मी ओळखपत्र घेऊन केंद्रावर येतात आणि यादीत नावच सापडत नाही. मोहल्ल्यातला एखादा तरुण लगेच पुढे होतो, अधिकाऱ्यांशी बोलतो, त्यांना दुसऱ्या केंद्रावर घेऊन जातो. कुणी न सांगता तो धावला, हा पुढाकार. त्याचं मला कौतुकच आहे. पण लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव घेतलं जात नाही. नुसत्या ओळखपत्रावर मत देता येत नाही. अम्मी तशाच घरी परततात.

आता त्याच मोहल्ल्यातली एक मुलगी सहा महिने आधीच यादी घेऊन बसते, असं समजा. ‘शेख’चं ‘शैख’ झालंय का? भाड्याचं घर कुणी बदललं? लग्न होऊन कोण नवीन आलं? नव्या नावासाठी ती नमुना 6 भरून घेते, दुरुस्तीसाठी किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना 8. वयाची 18 वर्षं मोजण्यासाठी आता वर्षात चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. 17 वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, म्हणून ती ज्युनिअर कॉलेजच्या मुलामुलींनाही गाठते. हे प्रोअॅक्टिव्ह असणं.

तिला पुढाकारही घ्यावाच लागला. अडचण आधी ओळखून गप्प बसणारे आपल्यात खूप आहेत. ती दारोदार गेली. फक्त तिच्या कामाचा गाजावाजा होत नाही, कारण मतदानाच्या दिवशी काही बिघडतच नाही.

संकट आल्यावर धावणारे आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. संकटाच्या आधी कागद तपासणारे हवे आहेत. आज घरी गेल्यावर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर घरातल्या प्रत्येकाचं नाव शोधा. मग शेजारचं दार वाजवा.