माळ्यावरचे गठ्ठे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमच्या जळगावच्या घरी माळ्यावर वैद्यकीय मासिकांचे गठ्ठे आहेत. आफ्रिकेतल्या एखाद्या दवाखान्याला धाडावे म्हटले, तर धुळ्याच्या डॉक्टर नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, औषधांच्या मात्रा बदलल्या असल्या तर?" खरेच की! शिवाय २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या 'हिनारी' योजनेतून गरीब देशांतल्या संस्थांना ताजे अंक संगणकावर फुकट किंवा अल्प दरात मिळतात.

मग जुने सगळे रद्दीत घालावे? नाही हो. १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास आला. दोन खेड्यांतल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग! आपण बायका दुखणे अंगावरच काढतो ना? असा अंक वाचनालयाने जपावा. बाकीच्यांसाठी आधी पत्र घालून विचारावे, मगच टपालखर्च करावा. मी दोन पत्रे घातली आहेत. गठ्ठे तूर्त माळ्यावरच आहेत.