हवेतील कण आणि इन्फ्लुएंझा : स्वागताध्यक्षांचे भाषण



विषाणूंच्या अभ्यासासाठी 1952 साली ज्या नगरीत संशोधनकेंद्र स्थापन झाले आणि वाऱ्यापावसाचे दफ्तर सांभाळणारी वेधशाळाही जिच्यात नांदते, त्या पुण्यात इन्फ्लुएंझा व हवेतील कण यांच्या परस्परसंबंधाचा ऊहापोह व्हावा, हे स्थानमाहात्म्यास साजेसेच होय. स्वागतमंडळाच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. बंदोबस्तात काही उणे आढळल्यास ते पदरात घ्यावे. यजमान पुणेकर आहेत हे कळल्यावर आपण मनाची पुरेशी तयारी करूनच आला असाल, असा माझा भरवसा आहे.

स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी 2009 च्या ऑगस्टात याच शहराने पाहिला, आणि एरवी धुळीच्या भयाने दुचाकीवर तोंडाला गुंडाळला जाणारा फडका त्या दिवसांत विषाणूच्या भयाने पायी चालणाऱ्यांच्याही तोंडावर आला. धूळ आणि विषाणू यांची सांगड लोकांनी अशी आपल्या परीने घातलीच होती. शास्त्राने ती तपासून घ्यावयाची आहे.

अडीच मायक्रॉनचा धूलिकण इन्फ्लुएंझाच्या विषाणूहून सुमारे पंचवीसपट मोठा असल्यामुळे, विषाणू त्यावर स्वार होऊन गावोगाव हिंडत असावा, ही कल्पना सहज सुचते व वृत्तपत्रांना आवडतेही. मला मात्र त्या स्वारीपेक्षा देहाच्या वेशीवरील पहारा ढिला होण्याचे कारण अधिक सबळ वाटते. श्वासनलिकेतील जे सूक्ष्म केसर कफासह आगंतुकांस बाहेर लोटतात त्यांची गती धुराने मंदावते, आणि फुप्फुसाच्या तळाशी जंतूंचा फडशा पाडणाऱ्या भक्षक पेशी काजळीने भरून गेल्या म्हणजे आपले नेमलेले काम धड करू शकत नाहीत. 1918 च्या साथीचे अमेरिकेतील मृत्युदाखले अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा विजेसाठी कोळसा अधिक जाळणाऱ्या शहरांत मृत्यूही अधिक झाल्याचे दिसले, ते या अनुमानास पोषकच आहे.

तथापि सारा दोष धुळीच्या माथी मारणाऱ्यास आपला पर्जन्यकाळच आडवा येतो. मुंबई-पुण्याकडे इन्फ्लुएंझाची मोठी लाट बहुधा पावसाळ्यात उसळते, म्हणजे ज्या महिन्यांत पावसाने धुऊन निघालेली हवा वर्षातील सर्वांत निर्मळ असते, नेमक्या त्याच महिन्यांत! हिवाळी साथींच्या थंड देशांत धूर आणि ताप एकाच ऋतूत येत असल्याने कोणाचा अपराध किती, हे निवडणे कठीण जाते. आमच्याकडे ऋतूनेच ते दोघे पुष्कळसे वेगळे करून ठेवले आहेत, आणि ही सोय संशोधकांनी वाया दवडू नये. लाट कशाने येते, यापेक्षा आलेल्या लाटेत अंथरुणाला कोण खिळतो आणि कोण दगावतो, हा प्रश्न धुळीच्या संदर्भात अधिक फलदायी आहे, असे माझे मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 पासून अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरास 5 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आमच्या सरकारी मानकात ती अद्याप 40 आहे. हवेच्या नोंदी एका खात्यात आणि तापाच्या रुग्णांच्या नोंदी दुसऱ्या खात्यात पडून राहिल्या, तर या तफावतीची किंमत कोण देतो, हे उमगणार नाही. म्हणून माझी या परिषदेस विनंती आहे की, दोन्ही नोंदी वॉर्डवार व दिवसवार एकत्र पडताळून प्रसिद्ध कराव्यात, असा ठराव तिने संमत करावा आणि त्याची अंमलबजावणी येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू व्हावी म्हणून सरकारकडे पाठपुरावा करावा.