मोठ्या आवाजाची जागा

मागे एकदा कार्यालयीन कामासाठी मी मुंबईहून उद्यान एक्सप्रेसने बंगळूरला निघालो होतो. पुण्याला समोरच्या बाकावर चार तरुण येऊन बसले. चौघांच्याही अंगात काळे सदरे, त्यांवर कवट्या, आणि झाडाच्या मुळ्यांसारखी एकमेकांत गुंतलेली, कोणालाही वाचता येऊ नयेत अशी अक्षरे. मी मनातल्या मनात रात्रीच्या झोपेचा निरोप घेतला. परंतु दौंड येण्यापूर्वीच त्यांनी डबे उघडले, मला पोळीभाजीचा आग्रह केला, आणि नंतर त्यांची जी चर्चा सुरू झाली ती मी हातातले पुस्तक मिटून ऐकत राहिलो.

ते हेवी मेटल नावाच्या संगीताचे भक्त होते आणि त्याच्याच एका उत्सवाला बंगळूरला चालले होते. मला वाटले, आता गिटारवादकांची तुलना होईल. तीही झाली, पण तिला फारसा वेळ लागला नाही. त्यांचा खरा जिव्हाळ्याचा विषय निराळाच होता, तो म्हणजे जागा. कोणत्या मैदानात पावसाने घोटाभर चिखल होतो, कोणत्या सभागृहात खांब आडवे येतात, कोठे पत्र्याच्या छपरावर आपटून आवाज परत येतो आणि ढोलांचा नुसता गलका होतो, कोठून शेवटची गाडी मिळते, पिण्याचे पाणी कोठे आहे. मी शासनाच्या सेवेत आहे. स्थळपाहणीचे अहवाल आयुष्यात पुष्कळ वाचले, पण इतका तपशीलवार आणि इतका निःस्वार्थ अहवाल क्वचितच वाचनात आला असेल.

हे संगीत ज्यांनी ऐकले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. त्याचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला. १९६८ साली तेथील चार कामगार घरांतल्या मुलांनी जो वाद्यवृंद काढला, तोच पुढे ब्लॅक सॅबथ म्हणून प्रसिद्धीस आला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडला आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचीच ही बोटे. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा वापरल्या, आणि पुढे त्या उतरवूनही लावल्या. स्वर खर्जात गेला, जड झाला. या संगीताच्या नावातला धातू कोठून आला याविषयी मतभेद आहेत. मला मात्र त्या यंत्राखालचा पत्राच आठवतो. ५ जुलै २०२५ रोजी या वृंदाने आपल्या जन्मगावीच अखेरचा कार्यक्रम केला, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न वारला.

गाडीतल्या चर्चेत पॅलेस ग्राउंड्स हे नाव वारंवार येत होते. बंगळूरच्या राजवाड्याच्या या मैदानावर १७ मार्च २००७ रोजी लंडनचा आयर्न मेडन हा वृंद वाजला, ही या मंडळींच्या पंचांगातली मोठी तिथी. पुढच्याच वर्षी १ फेब्रुवारीला त्याच वृंदाने आपल्या जगप्रवासाचा आरंभ मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर केला. या वृंदाचा गायक ब्रूस डिकिन्सन हा व्यवसायाने वैमानिकही असल्याने मंडळी आणि वाद्ये घेऊन जाणारे बोइंग विमान तो स्वतःच चालवीत असे. हे ऐकून मला, खरे सांगायचे तर, हेवा वाटला. चौघांपैकी कोणीही त्या वेळी शाळेपलीकडे गेलेला नव्हता; तरी आपण तेथे उभे होतो अशा थाटात ते सांगत होते. थोरल्यांकडून ऐकून ऐकून हा इतिहास त्यांचा झाला होता. त्यात कटू पानेही होती. २८ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीजवळ गुडगावला मेटॅलिका या वृंदाचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला. कठडे पुरेसे नव्हते, लोक दुरून आलेले होते. त्यांनी मोडतोड केली. दोनच दिवसांनी तोच कार्यक्रम बंगळूरला व्यवस्थित पार पडला. माणसे तशीच, संगीत तेच, वाद्येही तीच; फरक पडला तो मैदानाच्या व्यवस्थेत.

मग त्यांच्यातल्या एकाने मुंबईच्या रंगभवनाचे नाव काढले, आणि मला बोलल्यावाचून राहवले नाही. एम. ए. चा अभ्यास करीत असताना मी धोबीतलावच्या पीपल्स फ्री रीडिंग रूममध्ये बसत असे. तेथून बोरीबंदरला चालत जाताना वाटेत हे उघडे नाट्यगृह लागे. १९७८ साली जॅझ यात्रा सुरू झाली ती तेथेच, आणि १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणारा इंडिपेंडन्स रॉक हा उत्सवही तेथलाच. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून असा काही गडगडाट आला की मी क्षणभर थबकलो. आत गेलो नाही. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटर हे शांतता क्षेत्र ठरले. दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. रंगभवनाच्या एका अंगाला महाविद्यालय, दुसऱ्या अंगाला कामा रुग्णालय. पुढे काही वर्षांतच तेथली गाणी थांबली. आता बहुतेकांना ते नाव ठाऊक आहे ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे. करकरे, कामटे आणि साळसकर हे अधिकारी पडले ती रंगभवनाचीच गल्ली.

नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. बाळंतिणीच्या खाटेशेजारी शंभर डेसिबलचा ढोल वाजू नये, हे त्या चौघांनाही मान्य होते. माझी अडचण निराळी होती, आणि ती मी गुलबर्गा मागे पडल्यावर, दिवे मंद झाल्यावर त्यांना सांगितली. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी असताना काही विद्यार्थ्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. नगरपालिकेचे खुले नाट्यगृह संध्याकाळी सहा ते नऊ हवे होते. जवळपास रुग्णालय नव्हते. मी अर्जाबरोबरचे छायाचित्र पाहिले, केस पाहिले, आणि ‘सुव्यवस्थेच्या दृष्टीने’ या सोयीस्कर शब्दांत नकार दिला. त्याच महिन्यात ध्वनिवर्धकांच्या भिंती लादलेली एक मिरवणूक रुग्णालयाच्या खिडक्यांखालून गेली. तिच्या कागदावर ना-हरकतीची सही माझीच होती. अर्जदारांपैकी एक मुलगा मला भेटायला आला होता. त्याने अगदी नम्रपणे विचारले, ‘‘साहेब, हरकत आवाजाला आहे की आम्हाला?’’ मी त्याला अपिलाची मुदत सांगितली.

चौघे थोडा वेळ गप्प होते. मग एकाने विचारले, ‘‘काका, त्या मुलांनी पुढे काय केलं?’’ मला ते ठाऊक नव्हते.

विषय बदलावा म्हणून असेल, त्याने मला जर्मनीतल्या वाकेनची गोष्ट सांगितली. सुमारे दोन हजार वस्तीचे हे शेतकऱ्यांचे खेडे. १९९० पासून तेथे दर उन्हाळ्यात मेटलचा उत्सव भरतो आणि गायीगुरांच्या कुरणांत हजारोंच्या हजारो लोक तंबू ठोकतात. गावच्या अग्निशामक दलाचा स्वतःचा बँड आहे, आणि आरंभाचे वादन त्याचे असते. २०१९ साली दिल्लीचा ब्लडीवूड हा वृंदही तेथे वाजून आला. ‘‘आग विझवणारेच आधी वाजवतात म्हटल्यावर परवानगी कोण नाकारणार?’’ असे म्हणून तो हसला, आणि मग वरच्या फळीवर चढून झोपी गेला. त्या रात्री डब्यात घोरण्याचा आवाज झाला तो माझाच, असे सकाळी मला सांगण्यात आले.

बंगळूर छावणीच्या स्थानकावर ते उतरले. सामान खाली देता देता मी सवयीने विचारले, ‘‘कार्यक्रम किती वाजेपर्यंत?’’

‘‘दहाला बंद, काका,’’ धाकटा म्हणाला. ‘‘शेजारी घरं आहेत ना.’’