छातीवरचे टाके आणि डोक्यावरची पाटी

आजचा विषय थोडा नाजूक आहे. घरात वडीलधारी मंडळी बसली असतील, तर रेडिओचा आवाज कमी करावासा वाटेल. तो करू नये, अशी माझी विनंती आहे. ज्या गोष्टीविषयी आपण आवाज कमी करतो, त्याच गोष्टीपायी आपल्या बाया मुकाट्याने दुखणी काढतात, हे मी खापरखेड्यात बसून रोज पाहते.

खापरखेडा म्हटले की लोकांना वीज केंद्राची उंच धुराडी आठवतात. २१० मेगावॅटचे ४ संच आणि ५०० मेगावॅटचा १. एवढी वीज करायची म्हणजे कोळसा जळणार, आणि आपल्याकडच्या कोळशात राख फार. १०० किलो जाळला तर ३० ते ४० किलो राख उरते. तिच्यातली काही पाण्याबरोबर वारेगावच्या तलावात जाते, काही सिमेंटवाले नेतात, आणि काहीच्या विटा होतात. राखेची वीट वजनाला साधारण ३ किलो भरते. बाई पाटीवर आठ विटा रचते आणि पाटी डोक्यावर घेते. हिशेब तुम्हीच करा. अशा पाट्या दिवसातून किती होतात, तो हिशेब मात्र ठेकेदाराकडे असतो.

या परिसरातल्या अशाच एका वीटकारखान्यात काम करणारी एक बाई माझ्याकडे येत असे. नाव सांगत नाही, वय सत्तावीस-अठ्ठावीस. वयात आल्यावर तिच्या छातीची उजवी बाजू वाढली, डावी वाढलीच नाही. हा काही रोग नव्हे. दोन्ही बाजू अगदी सारख्या असलेली बाई तशी विरळाच. पण हिच्यातला फरक फार होता. पदराच्या आत कापडाची घडी ठेवून तिने बारा वर्षे काढली. कामात घाम आला की घडी सरके. मग पाटी खाली ठेवायची, आडोशाला जायचे, घडी नीट करायची आणि परत यायचे. मुकादम विचारी, "कुठं गेली होती?" याला उत्तर काय द्यावे?

तिने पैसे साठवले आणि नागपूरला जाऊन डाव्या बाजूला सिलिकोनची पिशवी बसवून घेतली. नवऱ्याला ठाऊक होते, सासूला नव्हते. कारखान्यात तर पोटाचे ऑपरेशन म्हणून सांगितले होते.

बाराव्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. "डॉक्टरबाई, टाके तं सुकले. आता कामावर गेलो तं चालते ना?"

मी विचारले, "काम काय असतं तुझं?"

"साधंच हाय," ती म्हणाली.

मी जखम पाहिली. कोरडी होती, ताप नव्हता. कागदावर लिहून दिले : कामास योग्य. येथे चूक माझी झाली. साधे म्हणजे काय, हे मी पुढे विचारले नाही. आमच्याकडची बाई चोवीस किलोच्या पाटीलाही साधे काम म्हणते, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवे होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचा नवरा तिला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. डावी बाजू ताठ फुगली होती, कातडी निळसर झाली होती. आत रक्त साचले होते. त्याच रात्री तिला नागपूरला पाठवावे लागले. रक्त काढले, पिशवी वाचली. पण पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा खर्च, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी.

असे का झाले, ते सांगते. छातीवर पंख्यासारखा पसरलेला एक मोठा स्नायू असतो. त्याचे एक टोक छातीच्या मधल्या हाडाला आणि फासळ्यांना, दुसरे दंडाच्या हाडाला. हात पुढे ढकलताना, ओढताना, वजन छातीशी कवटाळताना तोच काम करतो. पिशवी कधी या स्नायूच्या वर बसवतात, कधी त्याच्या खाली. खाली बसवायची तर स्नायू काही भागात सोडवावा लागतो. हिची खाली बसवली होती. बाहेरची कातडी दहा-बारा दिवसांत जुळलेली दिसते, आणि आपण फसतो ते येथेच. जखमेचे बळ हळूहळू येते. ३ आठवड्यांनी ते मूळ बळाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते, ८० टक्क्यांपर्यंत यायला ३ महिने लागतात, आणि पूर्वीइतके ते कधीच होत नाही. वरून सुकलेला बांध आतून ओला असावा, तसा हा प्रकार.

म्हणून सर्वसाधारण नियम असा, की टेबलाशी बसून काम करणारीने आठवड्या-दीड आठवड्याने जावे. वजन उचलणारीने निदान सहा आठवडे थांबावे; पिशवी स्नायूखाली असेल आणि काम विटांचे किंवा कोळशाच्या फावड्याचे असेल, तर त्याहून अधिक. नेमके किती, ते ज्याने शस्त्रक्रिया केली त्यालाच विचारावे. मात्र विचारताना "काम साधं आहे" असे सांगू नये. वजन किती, किती वेळा, शिडी चढावी लागते का, हात खांद्याच्या वर जातो का, हे सांगावे. उंचावर काम करणाऱ्या बाईने आपल्या सुरक्षापट्ट्याचाही उल्लेख करावा, कारण त्याची एक पट्टी नेमकी छातीवरूनच जाते.

आणि थांबणे म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे. पहिल्या दिवसापासून चालावे. कोपर अंगाशी ठेवून हात हलवत राहावे, नाहीतर खांदा धरतो. पण रजेवर घरी असलेल्या बाईला आपल्याकडे आराम असतो, असे कोणी म्हणत असेल तर त्याने एक दिवस तिच्या घरी जाऊन बसावे. ज्वारीची भाकर थापताना कोणता स्नायू चालतो? हाच. चादर पिळताना हाच. पाट्यावर वरवंटा ओढताना हाच. पाण्याने भरलेला गुंड उचलून ओट्यावर ठेवताना तर विचारूच नका. माझ्या त्या बाईने दुसऱ्या वेळी मला सरळ सांगितले, "कारखान्यातून सुट्टी भेटते, चुलीपासून कोन देते?" तेव्हा मी नवऱ्याला बोलावून घेतले. तो बिचारा मान खाली घालून बसला. पण पुढचे सहा आठवडे पाणी त्याने भरले, हे मी शेजारणीकडून ऐकले. भाकरीऐवजी त्या घरात भात शिजू लागला. सासूला अखेर खरे सांगावे लागले. ती दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः भाकरी थापायला बसली.

कोणी म्हणेल, ही सारी हौस आहे; मजुरी करणाऱ्या बाईला हे थेर कशाला? असे बोलणारे मला पुष्कळ भेटतात, आणि शिकलेलेही भेटतात. त्यांना इतिहास थोडा सांगावासा वाटतो. १८९५ साली जर्मनीत चेर्नी नावाच्या शल्यविशारदाने एका बाईच्या स्तनातली गाठ काढली आणि तिच्याच अंगावरची चरबीची गाठ तेथे बसवली, ती दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. सिलिकोनची पहिली पिशवी १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन शहरी क्रोनिन आणि जेरो या दोघांनी बसवली. ती करून घेणारी टिमी जीन लिंडसे सहा मुलांची आई होती, आणि रुग्णालयात गेली होती ती अंगावरचे गोंदण काढायला! आणि आपल्या शेजारचेच सांगायचे, तर २०१८ साली तमिळनाडू सरकारने चेन्नईच्या स्टॅनली वैद्यकीय महाविद्यालयात ही शस्त्रक्रिया गरिबांना मोफत उपलब्ध करून दिली. त्यावरही टीका झाली, की सरकारने जीव वाचवण्यावर पैसा घालावा. टीकेत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. पण बारा वर्षे कापडाची घडी सांभाळणारीला तिच्या पैशाने काय करावे हे मी सांगणार नाही.

धोके मात्र सांगेन. ही पिशवी जन्माची नसते. पुढे केव्हातरी ती बदलावी किंवा काढावी लागू शकते. तिच्याभोवती शरीर जो पडदा तयार करते, तो काहींच्या बाबतीत आवळत जातो. पिशवीचे नाव आणि क्रमांक लिहिलेले कार्ड रेशन कार्डाबरोबर जपून ठेवावे. २०१९ साली एका प्रकारच्या खरबरीत पिशव्या जगभरातून परत मागवल्या गेल्या, तेव्हा कार्ड जपलेल्या बायांना आपली कोणती हे घरबसल्या कळले. एकच बाजू अचानक फुगली, लाल झाली, ताप आला, जखमेतून पाणी आले, तर पाळी संपण्याची वाट पाहू नये. आणि आपल्याकडचा उन्हाळा! मे महिन्यात छातीला घट्ट पट्टा बांधून राखेच्या धुळीत उभे राहिले, की घामोळ्या आणि चट्टे ठरलेले. शस्त्रक्रिया आपल्या सोयीने ठरवता येत असेल, तर थंडीत करावी.

कर्करोगासाठी स्तन काढावा लागलेल्या भगिनी माझे बोलणे ऐकत असतील. त्यांचा प्रश्न याच्या शेजारचा, पण वेगळा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात सुजण्याची भीती असते, म्हणून पूर्वी त्यांना सांगत, त्या हाताने आयुष्यभर जड उचलू नका. कपाशी वेचून पोट भरणारीला हे सांगणे म्हणजे उपाशी राहा म्हणण्यासारखे. २००९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सूज असलेल्या १४१ बायांपैकी निम्म्यांना देखरेखीखाली, थोडे थोडे वाढवत वजन उचलायला लावले. सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. तेव्हा जन्माची बंदी नको. थोड्यापासून सुरुवात, आणि वाढ हळूहळू.

आता कागदाविषयी. पुष्कळ बाया रजेचे खरे कारण लपवतात, आणि मग डॉक्टरच्या चिठ्ठीलाही भितात. रोगाचे नाव ठेकेदाराला कळलेच पाहिजे असे नाही. "शस्त्रक्रिया झाली आहे, अमुक तारखेपर्यंत ५ किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये, हात खांद्याच्या वर नेऊ नयेत," एवढे लिहिले की त्याचे काम भागते. मी आता असेच लिहिते. 'कामास योग्य' हे दोन शब्द मी त्या दिवसापासून लिहिलेले नाहीत. चिठ्ठीने मजुरी मिळत नाही, हे खरे. राज्य विमा योजनेत नाव आणि पुरेशी वर्गणी असेल, तर डॉक्टरने प्रमाणित केलेल्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. त्या बाईचे नाव कुठल्याच योजनेत नव्हते. तिने दुसऱ्या वेळचे आठवडे सोसायटीच्या कर्जावर काढले.

दहाव्या आठवड्यात ती कामावर गेली. आधी पंधरा दिवस विटांवर पाणी मारण्याचे काम, तेही लहान नळीने. मग दोन विटा, मग चार. जोडीच्या बाईला तिने आडोशाला नेऊन सारे सांगितले होते, आणि ती जोडीदारीण मुकादमाची पाठ फिरली की हिच्या पाटीतल्या दोन विटा उचलून आपल्या पाटीत टाकी. मला हे कळले ते ती जोडीदारीण स्वतः मान दुखते म्हणून माझ्याकडे आली तेव्हा. मी विचारले, किती विटा घेतेस? ती हसून म्हणाली, "दहा. पन आता नाही, आता आठच. तिनं आपल्या परत घेतल्या."