तुकड्यांचें गणित आणि त्याचा ताळा

एखादें बांधकाम किती भार सोसेल, हें तें मोडून पाहिल्यावांचून सांगतां आलें पाहिजे, ही स्थापत्यशास्त्राची जुनी गरज आहे. सरळ तुळई असेल, तर कागद व पेन्सिल पुरते. परंतु विमानाचा पंख किंवा धरणाची वक्र भिंत यांच्यांतील ताणाचें समीकरण मांडतां येतें. तें सुटत मात्र नाहीं.

अशा वेळीं एक प्राचीन युक्ति उपयोगी पडते. आर्किमिडीज यानें वर्तुळाच्या आंत व बाहेर ९६ बाजूंच्या आकृति कल्पून परीघ व व्यास यांचें गुणोत्तर अगदीं थोड्या अंतरांत पकडलें. जें वांकडें म्हणून मोजतां येत नाहीं, त्याचे लहान सरळ तुकडे मोजावे, हें त्यांतील सार. संगणकयंत्राचें काम याच जातीचें आहे. बांधकामाचे कल्पनेनें हजारों तुकडे पाडावयाचे, प्रत्येकाचें वर्तन सोप्या सूत्रांत बसवावयाचें, आणि शेजारचे तुकडे सांध्यावर परस्परांपासून सुटूं नयेत या अटीवर सर्व समीकरणें एकत्र सोडवावयाचीं. १९४३ सालच्या एका निबंधांत रिचर्ड कूरांट यांनीं त्रिकोणी तुकड्यांची अशी रीत मांडली होती. १९६० मध्यें रे क्लफ यांनीं तिला ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धति हें नांव दिलें.

या रीतीमुळें भिंत कोठें जाड हवी व कोठें पातळ चालेल, हें आधींच कळतें व द्रव्य वांचतें. परंतु बचत जितकी अधिक, तितका चुकीला आधार कमी. तुकडे मोठे व वेडेवांकडे पडले, तर उत्तर अनेक दशांश स्थळांपर्यंत सुबक छापून येतें, आणि तरीहि तें खोटें असतें.

नॉर्वेमध्यें याची भयंकर प्रचीति आली. ‘स्लीप्नर ए’ या समुद्रांतील मंचासाठीं २४ पोकळ कोठ्या एकमेकींस जोडून काँक्रीटचा प्रचंड पाया बांधला होता. जेथें तीन कोठ्या भेटत, तेथें राहिलेल्या त्रिकोणी पोकळींत समुद्राचें पाणी शिरून भिंतींस आंतून रेटी. २३ ऑगस्ट १९९१ रोजीं स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडींत हा पाया हळूहळू पाण्यांत उतरवीत असतां अशी एक भिंत फाटली. पंपांना पाणी आवरेना. सर्व पाया बुडून २२० मीटर खोल तळावर त्याचा चुराडा झाला. तो धक्का भूकंपमापकांवर ३ अंशांचा नोंदला गेला. सुदैवानें मनुष्यहानि झाली नाहीं.

चौकशींत आढळलें कीं, त्या जागीं तुकडे फार ओबडधोबड पाडल्यामुळें भिंतीस कातरूं पाहणारा ताण ४७ टक्क्यांनीं कमी धरला गेला होता. शिवाय लोखंडी सळयांची बांधणीहि तेथें अपुरी होती. पुढें तेंच गणित बारकाईनें केलें, तेव्हां भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असें उत्तर निघालें. प्रत्यक्षांत ती ६५ मीटरवर फुटली होती!

म्हणजे दोष रीतीचा नव्हता. ताळा न पाहण्याचा होता. तुकडे निम्मे करून गणित पुन्हा करावें. उत्तर बदललें, तर पहिल्यावर विसंबूं नये. आधारांवरील दाबांची बेरीज एकंदर भाराइतकी येते कीं नाहीं तें पाहावें. हातानें ढोबळ अंदाज काढून यंत्राच्या उत्तराशेजारीं ठेवावा. १९९३ मध्यें नवा पाया समुद्रांत उभा राहिला. प्राथमिक शाळेंतील मुलगा भागाकाराचा ताळा पाहिल्यावांचून पाटी दाखवीत नाहीं. ज्यांच्या उत्तरावर माणसें उभीं राहावयाचीं, त्यांना या शिस्तींतून सूट नाहीं.