चित्रातल्या ट्रॅक्टरला हप्ता नसतो
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या बैठकीत कर्जावर बोलणं झालं, वीजबिलावर झालं. त्यानंतर आमचा विषय 'भिंतीवरची चित्रं' असा पुकारला तेव्हा मागच्या बाजूला हसू आलं, ते आम्ही ऐकलं. हसायला हरकत नाही. ही चित्रं आम्हाला केवढ्याला पडली तेच सांगायला आम्ही उभे आहोत.

आम्ही म्हणजे एका वस्तीवरची नऊ घरं. कुणाला चार एकर, कुणाला पाच. पाणी विहिरीचं, तेही पावसाच्या मर्जीवर. २०२२ च्या उन्हाळ्यात तालुक्याला एक शिबिर झालं. माणशी पाचशे रुपये फी. शिकवणाऱ्यांनी सांगितलं, तुम्ही गरीब आहात कारण तुमच्या डोळ्यांपुढे गरिबीचंच चित्र असतं. जे हवं त्याची चित्रं कापा, पुठ्ठ्यावर चिकटवा, सकाळी उठल्याबरोबर पाहा. जे पाहाल ते मिळेल. याला म्हणे व्हिजन बोर्ड म्हणतात. ही टूम बाहेरची. २००६ साली 'द सीक्रेट' नावाचा सिनेमा आणि पुस्तक आलं, त्यानंतर ती फार बोकाळली.

आम्ही घरी येऊन कॅलेंडरं फाडली, दुकानांची माहितीपत्रकं आणली. बंगला झाला, मोटार झाली. ट्रॅक्टर तर नऊच्या नऊ घरांत. एका घरात तो देव्हाऱ्याशेजारी लागला आणि त्यालाही रोज उदबत्ती मिळू लागली.

आणि गंमत बघा, चित्र खरं झालं! त्याच दसऱ्याला आमच्यातल्या तीन घरांपुढे ट्रॅक्टर उभे राहिले. कर्ज प्रत्येकी सात लाख. सहामाही हप्ता बहात्तर हजार, असे चौदा हप्ते. म्हणजे सात वर्षांत दहा लाख आठ हजार. चार एकरांची वर्षाची सगळी मशागत भाड्याने केली असती तर वीस-बावीस हजारांत उरकली असती. बाहेरची भाडी मारू म्हटलं, तर एका वस्तीत तीन ट्रॅक्टर. तिघांनी एकमेकांचे दर पाडले. चित्र सगळ्यांनी एकच पाहिलं होतं ना! हा हिशेब करायला पाच मिनिटं लागतात. रोज सकाळी तेवढीच पाच मिनिटं आम्ही चित्र बघण्यात घालवत होतो.

पहिला हप्ता चुकला तेव्हा आम्ही त्या शिकवणाऱ्यांना विचारलं. उत्तर आलं, तुमचा विश्वास कमी पडला. हे वाक्य आम्हाला हप्त्यापेक्षा जास्त लागलं. पीक गेलं तर दोष शेतकऱ्याच्या आळसाचा, हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. आता दोष त्याच्या मनाचा.

बरं, शास्त्र काय म्हणतं? वस्तीवरच्या एका मुलाने शोधून वाचून दाखवलं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात फाम आणि टेलर या संशोधकांनी परीक्षेआधी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. काहींना सांगितलं, चांगले गुण मिळाल्याचं चित्र रोज मनात आणा. काहींना सांगितलं, आपण अभ्यासाला बसलो आहोत, पुस्तक उघडलं आहे, असं चित्र आणा. दुसऱ्यांनी अभ्यास जास्त केला आणि गुणही त्यांनाच जास्त पडले. गॅब्रिएल ओटिंगेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तर २०११ साली दाखवलं, की नुसत्या गोड कल्पनेत रमलं की अंगातला जोर उतरतो. ताटावर बसण्याआधीच मन जेवून उठतं. त्या स्वप्न बघू नका असं सांगत नाहीत. स्वप्न बघा, आणि लगेच त्याच्या आड काय येणार तेही बघा, असं सांगतात.

आमच्या घरच्या बायकांना हे कळायला विद्यापीठ लागलं नाही. बचत गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "अहो, हे चित्र कुठल्या महिन्यातलं?" चित्राला महिना नव्हता. पुठ्ठे उतरले. शाळेने टाकून दिलेला एक फळा आणून आम्ही तो काळा रंगवला. जून ते मे असे बारा उभे रकाने. त्यात आडव्या ओळी: पाणी किती, येणार किती, जाणार किती, काय करायचं आहे, आडवं काय येईल, तसं झालं तर काय. शेवटच्या दोन ओळींवर सगळ्यात जास्त भांडणं झाली. आपल्या घरावर काय संकट येऊ शकतं हे खडूने लिहायला हात धजत नाही. अपशकुन वाटतो.

पाण्याची ओळ कशी भरायची ते हिवरे बाजारकडून घेतलं. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं हे गाव. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर गाव बदलत गेलं हे तुम्ही जाणताच. तिथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरेल त्यावर पीक ठरवायचं. पाऊस कमी तर पेरा कमी. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. गणित सोपं आहे. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. चारशे मिलिमीटर पडला तर सोळा लाख लिटर, आणि त्यातलंही सगळं मुरत नाही. उसाला वर्षाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर लागतं. हे लिहिल्यावर आमच्या दोघांनी उसाचं नाव स्वतःच पुसलं.

आता फळ्याने आमचं कल्याण झालं असं सांगायला आम्ही आलेलो नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने पाठ फिरवली. पुढे विहिरीत भरली दीड परस, म्हणून रब्बीत कांदा वाढवायचा नाही, अर्ध्या रानात हरभरा, असं ठरलं. डिसेंबरच्या रकान्यात खरिपाचा लाल कांदा होता. त्यातून मुलीच्या नर्सिंगची फी आणि विहिरीची खोली. आडवं काय येईल? आम्ही लिहिलं होतं: करपा, अवकाळी. ८ डिसेंबरला दिल्लीने कांद्याची निर्यात बंद केली. हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि ऑगस्टमध्येच चाळीस टक्के निर्यातशुल्क लागलेलं असताना यायला हवं होतं. लाल कांदा चाळीत टिकत नाही. मिळेल त्या भावाने विकला. बंदी उठली ती २०२४ च्या मे महिन्यात. तोवर आमचा कांदा लोकांनी खाऊन संपवला होता.

फी हरभऱ्यातून भरली, उशिरा, दंडासकट. विहीर पुसून पुढच्या वर्षात नेली, मग त्याच्याही पुढच्या. ती अजून खोल झालेली नाही. तीनपैकी दोन ट्रॅक्टर तोट्यात विकले. उरलेला एक नऊ घरांत फिरतो. डिझेल ज्याचं त्याने घालायचं, हप्त्याचा वाटा तासांप्रमाणे. त्या दंडाबद्दल आणि विकलेल्या ट्रॅक्टरांबद्दल घरात अजून बोलणी खातो, ती वेगळी.

'आडवं काय येईल' या ओळीत आता डिसेंबरलाच नव्हे, प्रत्येक महिन्याला पहिलं नाव सरकारचं असतं. त्यापुढच्या ओळीत काय लिहायचं ते एका वस्तीने ठरवून भागत नाही, म्हणून हा विषय जिल्ह्याच्या बैठकीत आणला.

फळा आम्ही टेम्पोत घालून आणला आहे. मंडपाबाहेर लिंबाला टेकवून ठेवला आहे. जेवणानंतर बघून घ्या, खडूही तिथेच आहे. फक्त मार्चचा रकाना कुणी पुसू नका, त्यावरून आमची कालच भांडणं झाली आहेत.